जुन्या वायरीचा उजेड

"ह्यो नको," लवूकाका म्हणाले.

मी स्विच बंद केला. शेडमध्ये पुन्हा काळोख झाला आणि पत्र्याच्या भोकांतून आलेले उन्हाचे ठिपके जमिनीवर दिसायला लागले. दुपारचा एक वाजला होता. सकाळपासून शटर ओढून, आत घामाघूम होऊन, मी त्यांना टेम्पोच्या हेडलाइटचे चार प्रकारचे उजेड दाखवले होते. साधा हॅलोजन, शंभर वॉटचा हॅलोजन, निळसर काचेचा एक आणि आता हा, पुण्याहून मागवलेला एचआयडी किट. तो तेव्हा आमच्या कुडाळात फक्त दोन गाड्यांना होता. त्या दोन्ही गाड्यांचे मालक त्याचं तोंड भरून कौतुक करायचे आणि समोरून येणारे त्यांना तोंड भरून शिव्या द्यायचे.

"काका, ह्येच्यात वाईट काय आसा ता तरी सांगा."

"वाईट काय नाय गो. बरोच आसा."

"मगे?"

"पण नको."

ही गोष्ट दोन हजार नऊच्या ऑक्टोबरमधली. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मी बघत होते. आयटीआय करून आले होते, वय चोवीस, आणि गाडीच्या वायरिंगमधलं मला कळत नाही असं काही उरलेलं नाही अशी माझी पक्की समजूत होती. गिऱ्हाइकांची समजूत नेमकी उलटी असायची. बाईमाणसाच्या हातात टेस्टर बघितला की ते आधी बाबांची चौकशी करत. लवू घाडी हे पहिले, ज्यांनी बाबांचं नावही न काढता सरळ मला विचारलं, "बाय, लायटी बदलूच्यो आसत. तुका जमात?" म्हणून त्यांच्यासाठी मी जरा जास्तच जीव टाकत होते.

त्यांची गरजही तशीच होती. अठ्ठ्याऐंशी सालचा टेम्पो, गोल हेडलाइटचा. एका दशावतारी मंडळाला ते एकोणीस वर्षं त्याच टेम्पोतून गावोगावच्या जत्रांना नेत होते. मागच्या सीझनला एका वळणावर पुढचं काही न दिसून टेम्पो गटारात गेला. आत अकरा माणसं आणि कपड्यांचे पेटारे. कुणाला खरचटलंही नाही, पण मंडळाचे मालक घाबरले. कार्तिकात सीझन सुरू होण्याआधी लायटी झकास झाल्या नाहीत तर दुसरी गाडी बघू, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. सीझनला बारा दिवस उरले होते.

म्हणजे माणसाला लख्ख उजेड हवा, आणि लख्ख उजेड दाखवला की माणूस म्हणतो नको.

त्याहून मला चक्रावून टाकलं होतं ते त्यांच्या बघण्याने. हेडलाइट बघायची एक रीत असते. समोर भिंत, भिंतीवर खडूने आखलेल्या रेघा, उजेड कुठवर जातो, डावीकडे किती पसरतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो का, हे बघायचं. लवूकाका भिंतीकडे ढुंकूनही बघत नव्हते. त्यांनी बरोबर एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणलं होतं. नाना म्हणायचे त्यांना. शिडशिडीत, गोरे, मान ताठ, खांद्यावर धुतलेला पंचा. बंपरपासून दहा हातांवर रंगाचा एक रिकामा डबा उपडा घालून लवूकाकांनी त्यांना त्यावर बसवलं होतं. मी दिवा लावला की लवूकाका नानांच्या तोंडाकडे बघायचे. एकदा समोरून, एकदा बाजूने. मग नाना लवूकाकांच्या तोंडाकडे बघायचे. मग "नको."

मला वाटलं, नानांच्या डोळ्यांना त्रास होतो का ते बघत असतील. पण नाना तर पापणीही हलवत नव्हते.

"नाना, डोळ्यांक लागता काय?" मी विचारलं.

"नाय."

"मगे सांगा तुमीच लवूकाकांका. ह्या उजेडात रस्त्यावरची मुंगी दिसतली."

"लाव बघया परत," नाना म्हणाले. मी एचआयडी पुन्हा लावला. पांढराशुभ्र, किंचित निळा झोत त्यांच्या अंगावर पडला. त्यांनी मान थोडी तिरकी केली, हनुवटी उचलली. "मुंगी दिसात गो. पण मी कोण दिसतंय? खरा सांग."

मी फटकळ आहे, आजही आहे, आणि तेव्हा तर उकाड्याने वैतागलेली होते.

"कोण दिसतलास? पासष्ट वर्षांचो बापयो. आणि हनवटीखाली दाढी रवली हा, ती पण दिसता."

मी हसले. हसताना लक्षात आलं की शेडमध्ये मी एकटीच हसतेय. लवूकाकांनी मान खाली घातली होती.

"बरोबर बोलला चेडू," नाना म्हणाले आणि डब्यावरून उठले. "लवू, मी भायर बसतंय."

शटर अर्धं वर करून ते बाहेर गेले. दाढीवरून एवढं काय लागायचं, असं मला वाटलं. माफी मागावी इतकं ते मोठं वाटलं नाही आणि विसरून जावं इतकं लहानही वाटेना. तशा वेळी मी कामाला लागते.

किट काढून ठेवला आणि मल्टिमीटर घेतला. जुना साधा बल्ब परत बसवून मोजलं. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. बल्बच्या टोकाला जेमतेम दहा. मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून बल्ब बदलत बसले होते, आणि दोष बल्बात नव्हताच. एकवीस वर्षांची वायर, स्विचमधून फिरून, डॅशबोर्डच्या आतून वळसे घेत हेडलाइटपर्यंत येत होती. तिचे जोड हिरवे पडले होते. नळाच्या जुन्या पायपात गंज धरला की टाकी भरलेली असूनही धार बारीक येते, तसं झालं होतं.

"काका, तुमका नवो बल्ब नकोच आसा," मी ओरडले. "जुनोच चलतलो. दोन तास द्या."

मला कोण आनंद झाला होता! ती जुनी वायर मी कापून काढली आणि भंगाराच्या पिंपात टाकली. बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, मध्ये रिले बसवला. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. स्विच तिला फक्त इशारा करतो, आणि करंट बॅटरीतून थेट बल्बकडे जातो. चार वाजता पुन्हा शटर ओढलं. नाना आपणहून आत आले आणि डब्यावर बसले. मी स्विच मारला.

तोच साधा बल्ब, पण भिंत उजळून निघाली. खडूच्या रेघा मोजून घ्याव्यात अशा. समोरच्याच्या डोळ्यांतही जात नव्हता. बाबांना बोलावून दाखवावं असं काम झालं होतं.

लवूकाकांनी पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं. "रस्त्याक एकदम झ्याक," ते म्हणाले. मग नानांकडे बघितलं. नानांनी त्यांच्याकडे बघितलं.

"ह्यो पण नको," लवूकाका म्हणाले.

मी पक्कड टेबलावर आपटली.

"काका, तुमका उजेड होयो काय काळोख होयो? सकाळपासून माजी चेष्टा चललीहा काय? दुसरो कोणी बघा. माका नाय जमणा."

माझ्या दंडाला धरून लवूकाकांनी मला मागच्या दाराने विहिरीकडे नेलं. नाना आतच बसून राहिले.

"तू आमचो खेळ कधी बघितलंहस?"

"ल्हान असताना. राक्षस इलो की मी आवशीच्या पदरात तोंड लपवी. त्येच्यापुढचा काय आठवणा नाय."

"म्हणान तू नानांका वळाकलंस नाय." त्यांनी विहिरीच्या कठड्यावर बूड टेकलं. "नाना आमची राणी. चाळीस वर्सां झाली. तेंचा रडणा ऐकान बायलमाणसां रडतत. दुसऱ्या दिवशी गावातली एखादी म्हातारी खणानारळान ओटी घेवन येता, आणि हय बघता तर काय, पंचो नेसान बापयो बसलोहा."

लवूकाका पुढे सांगत गेले.

मागच्या सीझनला एका गावाने जत्रेसाठी मंडपात नवे फ्लडलाइट लावले होते. पांढरे, मोठमोठे. नाना राणी होऊन आले आणि राजाराणी बसतात त्या बाकड्यापर्यंत पोचायच्या आत पोरं ओरडली, आजी इली रे, आजी! मग मोठेही हसले. नानांनी तसंच पुढे चालू ठेवलं. दशावतारात कागदावर काही लिहिलेलं नसतं, माणूस तिथल्या तिथे बोलतो, पण त्या दिवशी नानांना शब्द सापडेनात. आणि मग अचानक लाइट गेली.

"मी टेम्पो मंडपासमोरच लावललंय. काय करतलंय? हेडलाइट लावलंय. तोच आमचो जुनो, पिवळो. आणि काय सांगू तुका बाय, तीच साडी, तोच माणूस, आणि सगळो मंडप एकदम गप. राणीच उभी रवली थंय. पाऊण तास खेळ झालो हेडलाइटवर. एक ल्हान पोरगा बोलला नाय."

"आणि आता मालक म्हणतत लाइट बदल."

"मालक तसो वाईट नाय. तेका अकरा माणसांचो जीव बघूचो आसा. पण तेणी नानांका पण सांगल्यान. ह्या सीझनाक बघया, लोक हसाक लागले तर राणी दुसऱ्याक देव." लवूकाका पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. "नाना घरात सांगणत नाय. पण लायटी बदलूच्यो म्हटल्यावर म्हणाक लागले, मी येतंय. माका बघूचा आसा, परत लाइट गेली तर माज्यार पडतलो तो उजेड कसो आसा."

मला दुपारचं माझंच बोलणं ऐकू आलं. पासष्ट वर्षांचो बापयो. दाढी रवली हा. त्या माणसाने मला खरं सांग म्हणून विचारलं होतं, आणि मी सांगून वर हसले होते. मला लाज वाटली. इतकी, की आत जाऊन नानांच्या समोर उभं राहायचंही मी टाळलं.

"काका, सकाळी या," मी म्हटलं. "दोघय या."

ते गेल्यावर मी विचार करत बसले. रस्त्याला हवा तो उजेड चेहऱ्याला नको, चेहऱ्याला हवा तो रस्त्याला पुरत नाही. बल्ब तर एकच. मग फरक कशाने पडला? दहा व्होल्टवर तोच बल्ब पिवळा जळत होता, साडेबारावर पांढुरका झाला. म्हणजे त्या रात्री मंडपात नानांना राणी करत होती ती कंपनीची काच नव्हे, बल्ब नव्हे, तर ती हिरव्या जोडांची, गंजकी, कामातून गेलेली वायर! आणि मी ती दुपारी मोठ्या दिमाखात कापून भंगारात टाकली होती.

पिंप उपडं केलं. जुन्या अल्टरनेटरच्या तारा, फुटके होल्डर, कसलेकसले तुकडे, ग्रीस. वायरीचे तीन तुकडे सापडले, चौथा मिळेना. बाबा दारात येऊन विचारायला लागले, काय सोधतंस गो? मी म्हटलं, खराब वायर. "खराब वायर कित्याक व्हयी?" मी तारा उपसत राहिले. चौथा तुकडा माझ्याच चपलेखाली होता.

नवी बारीक वायर लावून तेवढंच व्होल्टेज पाडता आलं असतं, हे मला कळत होतं. पण मला नेमका तोच उजेड हवा होता, आणि खरं सांगायचं तर मी धास्तावले होते. चारही तुकडे मी होते तसेच जोडले. जोड साफसुद्धा केले नाहीत. आयटीआयच्या सरांनी बघितलं असतं तर सर्टिफिकेट परत मागितलं असतं. स्टिअरिंगच्या खाली एक दुहेरी स्विच बसवला. वर केला की रिले, नवी वायर, रस्ता. खाली केला की जुनी वायर.

सकाळी दोघे आले. नाना दाढी गुळगुळीत करून आले होते, ते बघून मला आणखीच कसंसं झालं. शटर ओढलं. नाना डब्यावर बसले. मी आधी स्विच वर करून लवूकाकांना रस्ता दाखवला. मग म्हटलं, "नाना, आता बघा हां," आणि खाली केला.

उजेड उतरला. पिवळसर, जरा लाल, कडेला विरत गेलेला.

नानांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि डोक्यावरून घेतला. एक टोक बोटांत धरून हनुवटीपाशी आणलं. रंग नाही, साडी नाही, दागिना नाही. बसल्या जागी ते जरासे वळले आणि माझ्याकडे बघितलं.

"आता सांग बाय. खरा सांग."

मी रात्रभर एक खोटं तयार करून ठेवलं होतं. चांगलं घोटून ठेवलं होतं, कसं बोलायचं तेही ठरवलं होतं. ते मला वापरावं लागलं नाही. समोर एक बाई बसली होती. माझ्याहून थोडी मोठी, थकलेली, कुणाची तरी वाट बघणारी. माझे हात ग्रीसने बरबटलेले होते. मी ते पटकन पाठीमागे लपवले, पाहुणी आल्यावर लपवावेत तसे.

नानांनी माझे लपवलेले हात बघितले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"ह्यो होयो," लवूकाका मागून म्हणाले.

टेम्पो गेला, सीझन सुरू झाला. लवूकाकांची गाडी मंडळाकडेच राहिली आणि नानांची राणीही, एवढं मला वाटेत भेटणाऱ्यांकडून कळत होतं. मेच्या शेवटी सीझन संपल्यावर दोघे पुन्हा दुकानात आले. तक्रार बॅटरीची होती. चार्ज टिकत नाही म्हणाले.

मी बॅटरी चार्जिंगला लावली आणि सहज म्हणून स्टिअरिंगखालचा स्विच उघडला. वरच्या बाजूचा कॉन्टॅक्ट नव्यासारखा होता. खालच्या बाजूचा मात्र जळून काळा पडला होता. एखाद-दुसऱ्या वेळी लाइट गेली म्हणून इतका काळा पडत नाही. नाना बाहेरच्या फणसाखाली बसले होते. मी लवूकाकांना जवळ बोलावलं.

"काका, लाइट किती वेळा गेली ह्या सीझनाक?"

"जायची अधनंमधनं."

"अधनंमधनं न्हय. इंजिन बंद ठेवन रोज तास तासभर हेडलाइट लावलास तुमी. बॅटरी उगीच मेली नाय. रोज लाइट जाता? परत्येक गावात?"

लवूकाकांनी फणसाकडे एक नजर टाकली. मग माझ्या कानापाशी आले.

"जाणा नाय. मी घालवतंय."

"काय?"

"सगळ्या गावांनी आता तेच पांढरे दिवे लावल्यानी. मगे काय करूचा? राणी येवच्या आधी मृदंगवालो एक थाप जोरात मारता. ती ऐकली की मी मंडपाचो फ्यूज काढतंय आणि धावत येवन हेडलाइट लावतंय. नानांचो परवेश संपलो की फ्यूज परत. लोक वायरमनाक शिव्या घालतत." त्यांना हसू आवरत नव्हतं. "मालकाक ठावक, पेटीवाल्याक ठावक, सगळ्यांका ठावक. मालकानच मृदंगवाल्याक थाप शिकवल्यान. फक्त नानांका ठावक नाय. तू सांगशीत बिंगशीत हां!"

मी मान डोलावली. लवूकाका डिस्टिल्ड वॉटर आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मी स्विचला नवा कॉन्टॅक्ट बसवत होते, खालच्या बाजूला जरा जास्त जाड, तेवढ्यात नाना आत आले. आपला तो डबा ओढून त्यावर बसले.

"बरो चललो ना सीझन?" मी विचारलं.

"बरो. कोण हसला नाय." मग रस्त्याकडे बघून, लवूकाका येत नाहीत ना याची खात्री करून, हळू आवाजात म्हणाले, "बाय, तुका एक सांगू? लवूचे हात सदा घामान वले आसतत. तसोच धावत जाता आणि फ्यूजाक हात घालता. माझो जीव थाऱ्यार नसता, थंय बाकड्यामागे उभी रवान. तेका काय तरी दी हातात घालूक. पण माजा नाव घेव नको. तेका वाटता, माका कळणा नाय."

लवूकाका बाटली घेऊन आले. मी बॅटरी बसवून दिली आणि खणातून बाबांचे रबरी हातमोजे काढून त्यांच्या हातात ठेवले.

"ह्ये कित्याक?"

"बॅटरीचा काम करताना घालूचे. ॲसिड आसता."

"एकोणीस वर्सां बॅटरी हाताळतंय, माका कधी काय झाला नाय."

"झाला नाय म्हणान घाला. आणि गाडीतच ठेवा, हाताशी."

लवूकाका हातमोजे उलटसुलट करून बघत राहिले. नाना पत्र्याच्या भोकांकडे बघत बसले होते.